दोन इंजिनांच्या बोटीला कोणते पंखे लावावेत?

मालवणातल्या एका बोटमालकाचा प्रश्न थोडक्यात असा: "२५ फुटी फायबरची बोट आहे. मागे यामाहाची ११५ हॉर्सपॉवरची दोन फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिने, दोन्हींचे पंखे (प्रोपेलर) मागून पाहिले तर उजवीकडे फिरणारे. पंखे तीन पात्यांचे, ॲल्युमिनियमचे, १७ पिचचे. बोटीबरोबर आले तेच. स्कूबाच्या फेऱ्या करतो; बारा माणसे घेतली की बोट पाण्यावर उठायला, म्हणजे पाणी कापायचे सोडून पृष्ठभागावर सरकायला, फार वेळ लावते. पूर्ण थ्रॉटलला डावे इंजिन ५००० आरपीएम दाखवते, उजवे ४८५०. जीपीएसवर २५ नॉट मिळतात. वळण घेताना एक इंजिन एकदम किंचाळते. चार पात्यांचे स्टीलचे पंखे घेऊ का?"

आधी उत्तर देतो, मग कारणे. स्टीलचे चार पात्यांचे पंखे आत्ता घेऊ नका. दोन्ही इंजिनांना तीन पात्यांचे ॲल्युमिनियमचेच, पण १५ पिचचे पंखे लावा. मात्र त्याआधी दोन इंजिनांमधला दीडशे आरपीएमचा फरक कुठून येतो ते शोधा. ते न शोधता नवे पंखे लावलेत तर पैसेही जातील आणि फरकही तसाच राहील.

मी बावीस वर्षे या किनाऱ्यावर आउटबोर्ड इंजिने बसवतो आणि दुरुस्त करतो. पंख्याबद्दल विचारायला येणारा माणूस बहुतेक वेळा शेजारच्या बोटीवरचा आकडा घेऊन येतो: "त्याने १९ लावलाय, त्याची बोट पळते." पण शेजाऱ्याच्या बोटीचे वजन वेगळे, इंजिनाचा गिअर वेगळा, माणसे वेगळी. तुमचा पंखा तुमच्याच बोटीच्या आकड्यांवरून ठरतो, आणि ते आकडे भरलेल्या बोटीवर घ्यावे लागतात.

पिच म्हणजे पंखा एका फेरीत, पाणी अजिबात मागे सरकले नाही असे धरले, तर किती इंच पुढे जाईल तो आकडा. १७ पिच म्हणजे फेरीला १७ इंच. पाणी काही लाकूड नव्हे आणि पंखा स्क्रू नव्हे, त्यामुळे प्रत्यक्षात बोट त्यापेक्षा कमी पुढे जाते. हा फरक म्हणजे स्लिप. हिशोब सोपा आहे. इंजिनाच्या आरपीएमला पिचने गुणा, गिअर रेशोने (पंख्याच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या, त्या आकड्याने) भागा, मग १२१५ ने भागा. उत्तर नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती नॉटिकल मैल, असे येते. १२१५ हा आकडा आला कुठून? नॉटिकल मैलात ६०७६ फूट. त्याचे इंच केले आणि तासाच्या ६० मिनिटांनी भागले की १२१५.

तुमच्या इंजिनांचा गिअर रेशो २.१५ धरतो, इंजिनाच्या पुस्तकात एकदा पडताळून घ्या. डाव्या इंजिनाचे ५००० गुणिले १७, भागिले २.१५, भागिले १२१५. म्हणजे साधारण ३२.५ नॉट. मिळतात २५. स्लिप तेवीस टक्क्यांच्या आसपास. जड प्रवासी बोटीला १५ ते २० टक्के स्लिप मी चालवून घेतो. तेवीस म्हणजे पंखा पाणी नीट धरत नाही आणि इंजिन त्याच्याशी झगडते आहे.

शेजाऱ्याचा आकडा का घेऊ नये तेही इथेच दिसते. सुझुकीच्या ११५ ला गिअर रेशो २.५९ आहे. म्हणजे इंजिन तेवढ्याच आरपीएमवर असले तरी त्याचा पंखा सावकाश फिरतो. तुमच्या १७ पिचइतके अंतर कापायला त्याला वीसच्या पुढे पिच लागतो आणि पंख्याचा व्यासही मोठा असतो. दोघेही "एकशेपंधरा" म्हणतात, दोघेही खरे बोलतात, तरी एकाचा पंखा दुसऱ्याच्या कामाचा नाही.

आता आरपीएमकडे या. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला किती आरपीएम मिळायला हवेत याची पट्टी दिलेली असते. तुमच्या इंजिनाची पट्टी ५००० ते ६००० असेल; नव्या मॉडेलांत ५३०० ते ६३०० असते. तुमची बोट भरल्यावर डावे इंजिन पट्टीच्या अगदी तळाशी आहे आणि उजवे पट्टीच्या बाहेर. भरलेला टेम्पो आंबोली घाटात टॉप गिअरला चढवण्यासारखेच हे आहे. गाडी चढते, पण इंजिन कण्हते, तापते, पेट्रोल पिते आणि कार्बन धरते. अशा इंजिनांची डोकी मी उघडलेली आहेत. मालकाला वाटते की बिघाड इंजिनात आहे, आणि सुरुवात पंख्यापासून झालेली असते.

दोन इंच पिच कमी केला की ढोबळमानाने तीनशे-चारशे आरपीएम वाढतात, म्हणजे इंचाला दीडशे ते दोनशे. १५ पिचवर तुमची भरलेली बोट ५३५० ते ५४०० ला जावी. रिकामी बोट ५७०० च्या आसपास जाईल, म्हणजे पट्टीच्या आत. ५४०० ला १५ पिचचा हिशोब केला तर ३१ नॉट येतात; स्लिप एकोणीस टक्क्यांवर आली तर वेग पुन्हा २५ नॉट. थोडक्यात, वरचा वेग जवळपास तोच राहील, पण बोट पाण्यावर झटकन उठेल. स्कूबाच्या फेऱ्या करणाऱ्याला दिवसातून आठ-दहा वेळा बोट उठवावी लागते. खरा फायदा तिथे आहे.

१३ पिच का नको, असेही विचाराल. उठायला तो आणखी चांगला. पण संध्याकाळी रिकामी बोट घेऊन येताना तुमचा पोरगा थ्रॉटल पूर्ण दाबणार, आणि इंजिन सहा हजारांवर लिमिटरला, म्हणजे आरपीएम आणखी वाढू न देणाऱ्या यंत्रणेला, धडकणार. बोट नेहमीच ठासून भरलेली असेल, रिकामी कधी पळवायचीच नसेल, तर १३ चा विचार करता येईल. बारा माणसांसाठी मी १५ वरच थांबेन.

चाचणी मात्र खरी करा. टाकी भरलेली, बारा माणसे किंवा तेवढ्या वजनाच्या वाळूच्या गोण्या, आणि स्कूबाचे सिलिंडर. ॲल्युमिनियमचा एक भरलेला सिलिंडर सोळा-सतरा किलोचा असतो. दहा घेतले तर ती दोन माणसे जास्त झाली. तळ आधी खरवडून घ्या. शेवाळ आणि बार्नेकल चढलेल्या तळावर घेतलेला आकडा काही सांगत नाही. सकाळी मतलई वारा असताना, समुद्र सपाट असताना जा, आणि जाऊन-येऊन दोन्ही दिशांचा वेग घेऊन सरासरी काढा. भरती-ओहोटीच्या ओढीने एक-दोन नॉट सहज खोटे दिसतात. ट्रिमही (इंजिनाचा बोटीकडे आत किंवा बाहेर असलेला कल) हळूहळू बाहेर काढत जा, जिथे वेग सर्वात जास्त मिळतो तिथला आरपीएम लिहा.

आता त्या दीडशे आरपीएमकडे. तुमची दोन्ही इंजिने एकाच दिशेने फिरतात. त्याची खंत असते लोकांना, पण इथे ती गोष्ट उपयोगी पडते. डाव्याचा पंखा उजव्याला लावा, उजव्याचा डाव्याला, आणि पुन्हा फेरी मारा. कमी आरपीएम पंख्याबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर पंख्यात दोष आहे. उजव्या इंजिनावरच राहिला तर दोष इंजिनात, केबलमध्ये किंवा मीटरमध्ये आहे. अर्ध्या तासात उत्तर मिळते आणि खर्च फक्त पंख्याचा नट अडवणाऱ्या दोन कॉटर पिनांचा. पिन मात्र नव्या घाला, जुन्या वाकवून पुन्हा वापरू नका.

दोष पंख्यात निघाला तर आश्चर्य नको. पंख्यावर १७ छापलेले असले तरी पाते आपटून वाकलेले असू शकते किंवा दुरुस्तीत फिरलेले असू शकते. मी एकदा दोन पंख्यांपैकी एकच वेल्डिंगला पाठवला. पात्याचे टोक छान भरून आले, घासून चकचकीत झाले, पण पाते थोडे जास्त पिचवर बसले होते. तीन आठवडे आम्ही इंजिनात बिघाड शोधत होतो. तेव्हापासून पंखे दुरुस्तीला जोडीनेच पाठवतो आणि दोन्ही पिच गेजवर मोजून, सारखे करून मागतो. दोन इंजिनांच्या बोटीवर पंखा एक नसतो, जोडी असते.

दोष पंख्यात नसेल तर आधी थ्रॉटल केबल पाहा. लिव्हर पूर्ण पुढे ढकलल्यावर इंजिनावरचा थ्रॉटल खरोखर शेवटपर्यंत उघडतो का? अनेकदा दोन-तीन मिलिमीटर कमी पडतात आणि तेवढ्यात शंभर-दीडशे आरपीएम जातात. मग दोन्ही टॅकोमीटर आलटून-पालटून लावून पाहा. त्यानंतर प्लग आणि फिल्टर. शेवटी कॉम्प्रेशन.

पंख्याचा रबरी बुश (पंखा आणि शाफ्ट यांच्यामधला रबराचा भाग) हीसुद्धा शंका घ्यावी अशी जागा आहे. बुश सरकला की आरपीएम चढतो पण बोट पळत नाही. तुमच्या डाव्या इंजिनावर आरपीएम जास्त आहे, म्हणजे तिथे हे घडत असू शकते. पंखा काढून मागच्या बाजूने आतल्या पितळी बुशपासून बाहेरच्या भांड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. फेरी मारून या. रेघ तुटून मागेपुढे झालेली दिसली तर बुश सरकतोय.

वळणावर किंचाळणारे इंजिन कोणते ते तुम्ही लिहिले नाही, पण माझा अंदाज बाहेरच्या बाजूचे. वेगात वळताना बोट आतल्या बाजूला झुकते, बाहेरची बाजू उचलली जाते, आणि त्या बाजूचा पंखा पृष्ठभागाजवळ येऊन हवा ओढतो. लोक याला कॅव्हिटेशन म्हणतात; ते वेगळे. कॅव्हिटेशनमध्ये पात्यावरचा दाब इतका घटतो की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे बनतात, ते फुटताना पात्यावर खड्डे पाडतात. तुमच्याकडे वरची हवा आत खेचली जातेय. त्याला व्हेंटिलेशन म्हणतात आणि त्याचे औषध इंजिनाच्या उंचीत असते.

दोन इंजिनांच्या बोटीत ही उंची जास्त नाजूक. एक इंजिन असले तर ते तळाच्या मधोमध, सर्वात खोल ठिकाणी बसते. दोन असली की दोन्ही मध्यापासून बाजूला जातात, आणि व्ही आकाराचा तळ तिथे वर चढलेला असतो. म्हणून मोजमाप मधल्या कण्यापासून घ्यायचे नाही. प्रत्येक इंजिनाच्या समोरचा तळ जिथे संपतो तिथून घ्यायचे. लांब सरळ पट्टी त्या जागी तळाला धरून मागे न्या. पंख्याच्या वरची आडवी प्लेट पट्टीच्या पातळीत किंवा फार तर इंचभर वर असावी. बोट पूर्ण वेगात असताना मागे वाकून पाहा: प्लेट पाण्याच्या पृष्ठभागावर जेमतेम दिसली पाहिजे. पूर्ण उघडी दिसत असेल तर इंजिन बसवण्याच्या बोल्टचे एक भोक खाली घ्या. एक भोक म्हणजे पाऊण इंचाच्या आसपास. दोन्ही इंजिने एकदम घ्या, एकच नाही. आणि वळण्याआधी ट्रिम थोडा आत घ्यायची सवय तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) लावा. अर्धे किंचाळणे तेवढ्याने थांबते.

चार पात्यांची आवड मला समजते. पाण्याची पकड जास्त, वळणावर धरून ठेवतो, बोटीचा मागचा भाग उचलतो, कमी वेगातही बोट पाण्यावर टिकते, हादरा कमी. पॅरासेलिंगची जड बोट असती तर मी स्वतः सुचवला असता. पण त्याच पिचचा चार पात्यांचा पंखा शंभरेक आरपीएम खातो आणि वरचा वेग नॉटभर कमी करतो. तुमच्याकडे आधीच आरपीएम नाहीत. १७ पिचचे चार पात्यांचे घेतलेत तर दुखणे वाढेल. पुढे कधी घेणार असाल तर १५ पिचवर मिळालेला आकडा पाहून, आणखी एक इंच पिच कमी करून घ्या.

स्टीलचे म्हणाल तर, पाते पातळ असते, जोरात वाकत नाही, आकार धरून ठेवते. वेग थोडा वाढतो. पण तुमचा रस्ता कुठला? सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक आणि देवबागला कर्ली नदीच्या मुखावरची सरकणारी वाळू. ॲल्युमिनियमचे पाते खडकावर आपटले की वाकते किंवा तुटते, आणि बहुतेकदा गिअर वाचतो. स्टीलचे पाते टिकते. धक्का आत शाफ्टकडे आणि गिअरकडे जातो. रबरी बुश काही धक्का घेतो, पण सगळा नाही. शिवाय स्टीलचा पंखा जड असतो, गिअर टाकताना खाडकन आवाज येतो आणि क्लच लवकर झिजतो. स्टीलच्या दोन पंख्यांच्या पैशांत तुम्हाला ॲल्युमिनियमची एक जोडी वापरायला आणि एक राखीव ठेवायला मिळेल, वर काही पैसे उरतील. आपल्या किनाऱ्यावर प्रवासी बोटीला मी हेच सांगतो. एक इशारा मात्र देतो: वाळूच्या पाण्यात ॲल्युमिनियमची टोके झिजून बारीक होतात. पंखा नवा असतानाचा आरपीएम लिहून ठेवला असेल तर वर्षाने तो दोनशेने वाढलेला दिसतो, आणि वेग मात्र वाढलेला नसतो. तेव्हा जोडी बदलायची.

दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरतात त्याचे काय? उजवीकडे फिरणारे दोन पंखे बोटीच्या कवचाला उलटा पीळ देतात, त्यामुळे बोट डावीकडे किंचित झुकते, आणि सुकाणू उजवीकडे ओढल्यासारखे वाटते. प्लेटखालची छोटी फिन त्यासाठीच आहे. बोट उजवीकडे ओढत असेल तर फिनचे मागचे टोक उजवीकडे वळवा. दोन्ही इंजिनांवर सारखेच. पेट्रोलची टाकी किंवा सिलिंडरचा रॅक थोडा उजव्या बाजूला घेतला तर झुकणेही जाते.

पुढे इंजिने बदलाल तेव्हा उलट फिरणारी जोडी घ्या: उजवीकडे उजवा पंखा, डावीकडे डावा, म्हणजे मागून पाहिले तर दोन्ही वरून बाहेरच्या बाजूला फिरतील. पीळ एकमेकांना मारतात. जेटीला लावताना एक इंजिन पुढे आणि एक मागे टाकले की बोट जागच्या जागी फिरते, आणि अशा जोडीत पंख्यांचा बाजूचा धक्काही त्याच वळणाला मदत करतो. पण एक चूक करू नका. सध्याच्या डाव्या इंजिनाला डावा पंखा लावून त्याला रिव्हर्स गिअरमध्ये पुढे चालवण्याचा सल्ला कोणी दिला तर हात जोडून नको म्हणा. रिव्हर्सच्या बाजूचे बेअरिंग दिवसभर पूर्ण जोर झेलण्यासाठी बनवलेले नसते. डाव्या फिरकीचे इंजिन खालच्या भागासकट वेगळे बनवून येते. दोन्ही दिशांना चालणारी काही इंजिने आता मिळतात, पण ती तशीच घडवलेली असतात.

दोन इंजिने आहेत म्हणून एक बंद पडले तरी घरी येता येते, हा भरवसा खरा, पण पंखा निवडताना त्याचीही किंमत कळली पाहिजे. माझ्या हातून झालेली चूक सांगतो. एका दुपारी खारा वारा वाढला होता. उजव्या पंख्यात नायलॉनची दोरी गुंतली, ते इंजिन बंद केले, आणि घाईत डाव्याचा थ्रॉटल पूर्ण दाबला. इंजिन ३४०० च्या वर जाईना; बोट उठत नव्हती आणि मी दाबतच होतो. एका इंजिनासाठी तोच पंखा फार जड झालेला असतो. बंदरात येईपर्यंत ते इंजिनही तापून बोंबलत होते. माणसे बोटीत होती; ते मला अजून आठवते. एका इंजिनावर आलात तर बंद इंजिन पाण्यातून वर उचला, चालू इंजिन २५०० ते ३००० आरपीएमवर ठेवा, सहा-सात नॉटने सावकाश या. बोट उठवायचा प्रयत्नच करू नका. १५ पिच इथेही १७ पेक्षा हलका पडतो.

ती दोरी आणखी एक काम करते. जाळ्याचा बारीक तंगूस पंख्यामागे शाफ्टवर गुंडाळला जातो आणि सील कापतो. मग गिअर ऑइलमध्ये पाणी शिरते आणि तेल दुधाळ होते. हंगामात दर पंधरा दिवसांनी दोन्ही पंखे काढा, तंगूस साफ करा, शाफ्टला मरीन ग्रीस लावा. ग्रीस नसेल तर मिठाने पंखा असा धरतो की पावसाळ्यानंतर तो ठोकून काढावा लागतो, आणि ठोकण्यात नवा पंखा जातो.

१५ पिचची जोडी लावलीत की पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर नट पुन्हा तपासा आणि इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा: तारीख, पिच, भरलेल्या बोटीचा डावा आरपीएम, उजवा आरपीएम, वेग. १७ ची जुनी जोडी फेकू नका. ती गेजवर मोजून, सारखी करून, दोन नट, वॉशर आणि नव्या पिनांसह बोटीतच ठेवा. देवबागच्या वाळूवर पाते गेले तर त्याच दिवशी पाण्यात उभे राहून बदलता येईल. मात्र बदलताना दोन्ही बदला.